पुलास्कीची सॅमन नदी : दोन नवशिके, एक गाइड आणि एक पूर्ण दिवस

न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर भागात, सिरॅक्यूजहून वॉटरटाउनकडे जाणाऱ्या आय-८१ महामार्गालगत पुलास्की हे लहानसे गाव आहे. एरवी तेथे थांबण्याचे विशेष कारण नाही. परंतु सप्टेंबर उजाडला की तेथील मोटेलांच्या आवारांत निरनिराळ्या राज्यांच्या नंबरपाट्या दिसू लागतात आणि पहाटे चार वाजता पेट्रोल पंपावर कॉफीच्या रांगेत उभी असलेली माणसे छातीपर्यंतचे रबरी वेडर, म्हणजे पाण्यात उतरायच्या विजारी, चढवूनच आलेली असतात. गावातून वाहणाऱ्या नदीचे नावच सॅमन रिव्हर आहे. ती पुढे ऑन्टॅरिओ सरोवराला मिळते. शरद ऋतूत सरोवरातले चिनूक आणि कोहो जातीचे सॅमन अंडी घालण्यासाठी तिच्यात चढतात आणि ती अंडी खाण्यासाठी त्यांच्यामागून स्टीलहेड नावाचे मासे येतात. या नदीवर मी आणि माझे धाकटे दीर, अशा दोघा नवशिक्यांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मासेमारीसाठी पूर्ण दिवसाची गाइडसेवा घेतली होती. तिच्याविषयी हा अभिप्राय आहे.

गाइड एकटाच व्यवसाय करतो, त्याचे बहुतेक दिवस जुन्या गिऱ्हाइकांनीच भरतात आणि आपले नाव कोठे लिहू नये अशी त्याची विनंती होती, म्हणून ते येथे दिलेले नाही. पुलास्की आणि आल्टमार या दोन गावांत अशा सेवा पुष्कळ आहेत आणि त्यांचे स्वरूप बरेचसे सारखे असते, त्यामुळे हे वाचून कोणाला निर्णय घ्यायचा असेल तर नावावाचून अडू नये. आमचा व्यवहार असा होता : वल्ह्यांच्या सपाट तळाच्या होडीतून, जिला तेथे ड्रिफ्ट बोट म्हणतात, दिवसभर नदीतून खाली उतरत जायचे; काठ्या, रिळे, गळ, आमिष आणि दुपारचे खाणे गाइडचे; मासेमारीचा परवाना आपला आपण काढायचा; वेडर आणि बूट भाड्याने घ्यायचे. दोघांचे मिळून ५२५ डॉलर झाले. बक्षिशी वेगळी द्यावी लागते, ती आम्ही १०० डॉलर दिली. न्यू जर्सीतल्या एडिसनहून पुलास्कीपर्यंतचा पाच तासांचा प्रवास आणि दोन रात्रींचे मोटेल धरले, तर हा छंद स्वस्त आहे असे कोणीही म्हणणार नाही.

आमची पूर्वतयारी किती होती तेही सांगितले पाहिजे, कारण अभिप्रायाचे वजन त्यावरून ठरते. माझे माहेर देवगडचे. काकांबरोबर जेट्टीवर बसून, तंगूस (नायलॉनचा दोरा) बोटाला गुंडाळून, गरीला कोलंबीचा तुकडा लावून खाडीत गरवण्याचा अनुभव मला लहानपणापासून आहे. भावोजी पुण्यात वाढलेले असल्याने त्यांची माशाशी ओळख ताटापुरतीच आहे. वाहत्या नदीत काठीने मासेमारी दोघांनीही कधी केलेली नव्हती. सॅमन म्हणजे मुंबईतल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर ‘इंडियन सॅमन’ या नावाने जो रावस असतो त्याचाच कोणी थंड प्रदेशातला भाऊबंद असावा, असा भावोजींचा समज होता. रावसाचे आणि सॅमनचे काही नाते नाही, हे पटवण्यातच आमचा स्क्रॅन्टनपर्यंतचा रस्ता सरला.

आदल्या दिवशी दुपारी पोहोचलो आणि गाइडच्या सांगण्यावरून आधी आल्टमारचे मत्स्यबीज केंद्र पाहिले. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि नवशिक्याने नदीत उतरण्यापूर्वी येथे तासभर घालवावाच, असे माझे मत झाले आहे. ओढ्यातून पायऱ्यापायऱ्यांच्या माशांच्या शिडीने वर चढणारे चिनूक काचेपलीकडे अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. त्यांचे ओठ आकड्यासारखे वळलेले असतात, अंगावरची चांदी जाऊन कातडी करडी-तपकिरी झालेली असते आणि शेपटीच्या कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या असतात. या माशांचे मूळ घर पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर आहे. ऑन्टॅरिओ सरोवरात मूळचा होता तो अटलांटिक सॅमन. धरणे, गिरण्या आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाहीसा झाला. पुढे महासरोवरांत एलवाइफ नावाच्या लहान, रुपेरी माशाची इतकी बेसुमार वाढ झाली की मेलेल्या माशांचे थर किनाऱ्याला लागू लागले. त्याला खाणारा कोणीतरी हवा म्हणून मिशिगन राज्याने १९६६ साली कोहो सोडले आणि १९६८ पासून न्यू यॉर्कनेही ऑन्टॅरिओच्या बाजूला तोच मार्ग धरला. म्हणजे या गावाचा अख्खा हंगाम, मोटेले, दुकाने आणि आमचा गाइडसुद्धा, एका नकोशा माशाचा बंदोबस्त करण्याच्या सरकारी खटाटोपातून उभा राहिला आहे. १९९१ साली याच नदीत ४७ पौंड १३ औंसांचा चिनूक सापडला, तो राज्याचा विक्रम आहे.

वेडरविषयी मात्र माझी तक्रार आहे. भाड्याचे वेडर ज्या दुकानातून घेतले तेथे स्त्रियांच्या मापाचे एकही नव्हते. पुरुषांच्या लहान मापाचे दिले गेले. त्यात पायाचे मोजे दोन बोटे मोठे आणि कंबर अरुंद. डाव्या गुडघ्याच्या शिवणीतून पाणी आत येत होते, हे सकाळी साडेसात वाजता कळले आणि संध्याकाळी पाचपर्यंत सहन करावे लागले. पाणी सुमारे सात अंश सेल्सियस होते. एका वेडरचे भाडे २५ डॉलर होते. ज्यांना पुन्हा जायचे आहे त्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, स्वतःचे विकत घेतलेले बरे. बुटांना मात्र तळाशी धातूचे खिळे होते आणि त्यांचे मोल नदीत पहिले पाऊल टाकताच कळले. या नदीचा तळ म्हणजे शेवाळ आलेल्या, नारळाएवढ्या गोट्यांचा ढीग आहे. गाइडने आधाराला एक काठी दिली होती, तीही दिवसभर सोडली नाही.

होडी अंधारातच पाण्यात घातली, पण गळ टाकण्याआधी वाट पाहावी लागली. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच येथे मासेमारी करता येते. आमच्या आधी तीन होड्या निघालेल्या होत्या आणि काठावर, झाडांच्या बुंध्यांशी, डोक्यावरचे दिवे रांगेने लुकलुकत होते. गर्दी होती, पण गाइडच्या म्हणण्याप्रमाणे ही गर्दी नव्हेच. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, चिनूक भरात असताना, माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि एकाचा मासा दुसऱ्याच्या दोऱ्यात गुंतून भांडणे होतात. आम्ही मुद्दाम उशिराची तारीख घेतली होती, आणि ती घ्यायला सांगणारा गाइडच होता. स्वतःच्या सर्वांत गर्दीच्या आठवड्यात रिकामा दिवस असतानाही त्याने ‘नवशिके असाल तर तेव्हा येऊ नका’ असे फोनवर सांगितले, यासाठी त्याला एक गुण अधिक.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गाइड मासे दाखवतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले दोन तास त्याने आम्हाला फक्त पाणी दाखवले. नांगर टाकून होडी एका वळणावर उभी केली आणि विचारले, “येथे काय दिसते?” मला नदी दिसत होती. मग त्याने वल्ह्याच्या टोकाने रेघ ओढावी तसे दाखवले : मध्यातून धावणारे, सुरकुत्या पडलेले वेगाचे पाणी, काठालगतचे मंद, तेलकट पाणी, आणि या दोहोंच्या मध्ये बुडबुड्यांची एक बारीक माळ. तिला तेथील लोक सीम म्हणतात. आपल्याकडच्या शिवणीसारखीच ती दोन पाण्यांना जोडते. मासा मंद पाण्यात उभा राहून श्रम वाचवतो आणि वेगाचे पाणी त्याच्या तोंडासमोरून खाद्य वाहून नेते, म्हणून तो शिवणीवर असतो. एकदा हे कळल्यावर डोळ्यांना पुढे सगळीकडे शिवणीच दिसू लागल्या. मोठ्या दगडामागे, ओढा मिळतो तेथे, खोल डोहाच्या शेपटाला. या एका धड्यासाठीच पैसे वसूल झाले, असे मी म्हणेन.

दुसरा धडा आमिष वाहू देण्याचा. देवगडच्या जेट्टीवर गरी तळाशी जाऊन पडते आणि आपण वाट पाहतो. येथे आमिष प्रवाहाच्या वेगाने, तळापासून वीतभर वर, सुटे अंडे वाहत जाते तसे गेले पाहिजे. काठी साडेदहा फुटांची, दोरीवर बूच, त्याखाली शिशाचे बारीक मणी एका ठरावीक अंतराने दाबून बसवलेले, शेवटी आठ पौंड ताकदीचा पाण्यात न दिसणारा दोरा आणि करंगळीच्या नखाएवढा गळ. काठी उंच धरून दोरी पाण्यावरून उचलत राहायची, नाहीतर प्रवाह दोरीला पोट आणतो आणि बूच आमिषाला ओढत नेते. बूच वाहत्या फेसापेक्षा जरा हळू चालले तर ठीक. फेसाच्या पुढे धावले तर मासा ढुंकूनही पाहत नाही. गाइड दर पाच मिनिटांनी एक मणी वाढवी किंवा काढी. हे काम त्याने एवढ्या शांतपणे आणि कारण सांगून केले की दुपारपर्यंत भावोजी स्वतःहून “वहिनी, तुमचे बूच फेसाच्या पुढे धावते आहे, एक मणी लावा” असे मला सांगू लागले. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला थोडा रागही आला.

आमिष म्हणजे काय, तर गाबोळी! चिनूकची वाटाण्याएवढी केशरी अंडी आठ-दहा एकत्र घेऊन गुलाबी जाळीच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी. गाइडजवळ अशा पुरचुंड्यांच्या बरण्या होत्या आणि एका मोठ्या डब्यात न बांधलेली गाबोळीही होती, चांगली किलोभर. आमच्या घरी गाबोळी हळद-मीठ-तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर पडते. ती गळाला लावून नदीत फेकताना हात मागे येत होता. हे मी बोलून दाखवले तेव्हा गाइड हसला आणि म्हणाला की ही बोरॅक्स लावून मुरवलेली आहे, खाल्ली तर तुम्हालाच दवाखान्यात न्यावे लागेल.

साडेनऊच्या सुमारास भावोजींना पहिला चिनूक लागला. किनाऱ्यावरची दोन माणसे “फिश ऑन” अशी आरोळी ऐकताच आपले दोर गुंडाळून मागे सरली, कारण लागलेल्या माशाला वाट देणे हा येथला रिवाज आहे. मासा उडी न मारता जड ओंडक्यासारखा खाली निघाला आणि वीस मिनिटांनी जाळ्यात आला, तेव्हा दिसले की गळ तोंडात नसून पाठीवरच्या परात रुतला आहे. असा मासा ठेवता येत नाही, तो सोडावाच लागतो. नदीत शिरलेला चिनूक खाणे थांबवतो, अंडी घालून काही दिवसांत मरतो. त्यामुळे उथळ पाण्यातून दोरी फिरत असताना तो अंगाला गळ लागून अडकणे सोपे असते. एके काळी तिहेरी गळ मुद्दाम ओढून मासे असेच अडकवणे येथे कायदेशीर होते, १९९० च्या दशकाच्या मध्यात ते बंद झाले. काठावर मात्र ती सवय अजून पूर्ण गेलेली नाही, हे आम्ही त्या दिवशी दोन ठिकाणी पाहिले. आमच्या गाइडने मासा जाळ्यातच ठेवून गळ काढला, भावोजींनी फोटोचा आग्रह धरल्यावर “तोंडात लागलेल्याचा काढू” एवढेच म्हणून माशाला सोडून दिले. भावोजी खट्टू झाले. मला गाइडचे वागणे योग्य वाटले. दुपारपर्यंत भावोजींना आणखी एक चिनूक लागला, तो मात्र तोंडात, सुमारे अठरा पौंडांचा; पण खरे सांगायचे तर कडेला कुजत पडलेल्या माशांचा वास नाकात असताना, आठवडाभरात मरणाऱ्या जिवाशी वीस मिनिटे ओढाताण करण्यात मला फारसा आनंद वाटला नाही. केवळ सॅमनसाठी मी हा खर्च पुन्हा करणार नाही.

गाइडविषयीची एकमेव गंभीर तक्रार येथेच नोंदवते. जेवणापूर्वी मला काही लागत नव्हते. तेव्हा त्याने “जरा बघू” म्हणून माझी काठी हातात घेतली, दोन वेळा आमिष वाहवले, तिसऱ्या वेळी मासा लागला आणि त्याने ती वाकलेली काठी माझ्या हातात दिली. हेतू चांगला असेल, पण तो मासा माझा नव्हता. मी तसे स्पष्ट सांगितले, त्याने ते ऐकले आणि पुन्हा तसे केले नाही. ज्यांना केवळ फोटो हवा आहे त्यांना ही सेवाच वाटेल. शिकायला आलेल्याने मात्र होडीत बसण्यापूर्वीच सांगून ठेवावे की गळ अडकवण्याचे काम माझ्याकडेच राहू द्या.

दुपारी पाइनव्हिलच्या खाली एका लांब, कंबरभर खोल पट्ट्यात आम्ही होडीतून उतरलो. वरच्या उथळ खडीत चिनूकची एक जोडी शेपटीने खळगा करत होती आणि तेथून सुटणारी अंडी खाली वाहत येत होती. स्टीलहेड याच्याच मागे उभे असतात, असे गाइडने सांगितले. स्टीलहेड म्हणजे सरोवरात वा समुद्रात वाढून नदीत परतणारा रेनबो ट्राउट. पॅसिफिककडचे कट्टर लोक सरोवरातल्या माशाला ते नाव द्यायला तयार नसतात. आम्हा दोघांना त्या वादात काही स्थान नाही. चिनूकप्रमाणे तो अंडी घालून मरेलच असे नाही, वसंतात अंडी घालून तो सरोवरात परत जाऊ शकतो आणि नदीतही खात असतो. म्हणून त्याला फसवावे लागते.

चौथ्या की पाचव्या फेरीला माझे बूच बुडाले नाही, फक्त थांबले. आजूबाजूचा फेस पुढे गेला आणि ते जागच्या जागी अर्धा क्षण तसेच उभे राहिले. सकाळपासून शंभरदा ऐकलेले “शंका आली की उचल” हे वाक्य आठवले आणि मी काठी उचलली. पुढचे सगळे फार वेगाने झाले. पाण्यातून एक रुपेरी, गालावर गुलाबी झाक असलेला मासा पूर्ण बाहेर आला, आडवा पडला, पुन्हा बाहेर आला, आणि रिळाने असा आवाज केला की मला वाटले काहीतरी तुटले. गाइडने काठीला हात लावला नाही. तो फक्त मागे उभा राहून “धावू द्या, आता फिरवा, काठी खाली, बाजूला” असे सांगत राहिला. आठ-नऊ मिनिटांनी मासा जाळ्यात आला. आठ पौंडांच्या आसपास असेल. शेपटीच्या मुळाशी धरल्यावर त्याचे शरीर एका घट्ट, थंड स्नायूसारखे लागले आणि पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरताच माझ्या मुठीतून जोर लावून निघून गेला. हातांना थंडीने काहीच कळत नव्हते आणि डाव्या गुडघ्यात पाणी होते. तरी त्या वेळी मी तक्रार केल्याचे भावोजींना आठवत नाही.

नंतरच्या दोन तासांत मला आणखी एक लागला आणि दगडाला घासून दोरा तुटला, भावोजींच्या तीन शंका त्यांनी उचलल्या नाहीत आणि त्या शंकाच राहिल्या. गाइडने ही वेळ रिकामी जाऊ दिली नाही. २०१४ च्या शरदात या नदीत स्टीलहेड मोठ्या प्रमाणात मेले होते. ज्या एलवाइफवर ते पोसतात त्यांच्या अंगी ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, म्हणून त्या वर्षी बीज केंद्रात माशांना हे जीवनसत्त्व टोचावे लागले, ही हकीकत त्याने वल्ही मारता मारता सांगितली. वरच्या धरणातून सुटणाऱ्या पाण्याचे आकडे रोज कसे पाहावेत हेही शिकवले. शरदातला नेहमीचा प्रवाह सेकंदाला ३३५ घनफूट असतो, तो दुप्पट झाला तर कमरेचे पाणी छातीला लागते आणि नवशिक्याने काठ सोडू नये. एकट्याने येणाऱ्यांसाठी ही माहिती माशापेक्षा महत्त्वाची आहे.

आम्ही एकही मासा ठेवला नाही. आमच्या ओळखीत ‘मग गेला कशाला’ हा प्रश्न सर्वांत आधी आला, म्हणून लिहिते. नदीत आठवडाभर राहिलेल्या चिनूकचे मांस फिके आणि मऊ पडते. शिवाय ऑन्टॅरिओच्या माशांत पीसीबी, मायरेक्स यांसारखी जुनी औद्योगिक रसायने असल्यामुळे राज्याचे आरोग्य खाते ते किती खावेत याविषयी सूचना देते, आणि मुले व गर्भधारणेच्या वयातील स्त्रिया यांच्यासाठी त्या अधिक कडक आहेत. घरात लहान मुले असणाऱ्यांनी बर्फाची पेटी नेण्यापूर्वी त्या वाचाव्यात. त्या रात्री आम्ही मोटेलशेजारी चिकन खाल्ले.

जेवण, म्हणजे दुपारचे, सामान्य होते : गार सँडविच आणि थर्मासमधले सूप. शाकाहारींनी आपला डबा न्यावा. होडीत प्रसाधनाची सोय नाही आणि गाइड त्याचा विषय आपणहून काढत नाही. स्त्रियांनी फोनवरच विचारावे, काठाला कोठे थांबता येईल हे त्याला माहीत असते.

सेवेला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण काठी हातातून घेतल्याचा वजा. वेडरचे दुकान वेगळे असल्याने त्याचा दोष गाइडवर टाकत नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्याची तारीख मागितली आहे, तेव्हा सॅमन संपलेले असतील, बर्फ पडू लागलेला असेल आणि नदीवर स्टीलहेडसाठी येणारेच उरतील. भावोजीही येणार आहेत. परतताना बिंगहॅम्टनपर्यंत गाडीत कसला वास येतो आहे यावर आमचा वाद चालला होता. तो घरी आल्यावर मिटला, माझ्या स्वेटरच्या बाहीला गाबोळीची एक गुलाबी पुरचुंडी चिकटलेली निघाली तेव्हा.